धंद्याचा हिशेब आणि निसर्गाचे मुद्दल



आपल्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय असा आहे : धंद्यातील निर्णय घेताना निसर्गाचा विचार कसा करावा? विषयाचे नाव ऐकताच आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की आता झाडे लावा, नद्या स्वच्छ राखा, असा उपदेश तासभर ऐकावा लागणार. तसे काही मी करणार नाही. उपदेशाचा तुटवडा आपल्या देशाला कधीच जाणवलेला नाही. तुटवडा आहे तो हिशेबाचा. म्हणून मी आज बोलणार आहे ते हिशेबाविषयी, आणि हिशेबाविषयी बोलायला धरणगावापेक्षा योग्य गाव मला शोधूनही सापडले नसते.

हे गाव बालकवींचे म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली येथे जन्मले, आणि मराठी कवितेत निसर्गाला त्यांनी जे स्थान दिले ते अढळ आहे. परंतु बालकवींच्या आधी दोनशे वर्षे हे गाव व्यापाऱ्यांच्या नकाशावर होते. येथल्या कापडासाठी सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली होती, आणि ती मराठ्यांच्या स्वारीत सापडल्याचे इतिहास सांगतो. पुढे कापड गेले, कापूस राहिला. जिन आले, प्रेस आले. म्हणजे या गावाचे दोन वारसे आहेत : एक निसर्गाकडे पाहणाऱ्या कवीचा आणि दुसरा वही लिहिणाऱ्या व्यापाऱ्याचा. हे दोन वारसे एकमेकांचे वैरी आहेत, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही, एवढेच मला आज दाखवून द्यायचे आहे.

व्यापाराचा पहिला धडा कोणता? मुद्दल आणि व्याज यांत घोटाळा करू नये, हा. एखाद्या गृहस्थाने मुलासाठी एक लाख रुपये ठेवले. मुलाने दरसाल त्यातले वीस हजार काढून खाल्ले आणि मित्रांना सांगितले, की माझे वार्षिक उत्पन्न वीस हजारांचे आहे. अशा मुलाला पेढीवरचा जुना मुनीम काय म्हणेल ते मी सांगायला नको. पाच वर्षे तो श्रीमंत दिसेल आणि सहाव्या वर्षी भीक मागेल. त्याच न्यायाने, जिनवाला आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी मांडतो. यंत्र चालते आहे, आवाज करते आहे, रुई देते आहे. तरीही ते झिजते आहे, आणि ती झीज नफ्यातून वजा केल्याशिवाय खरा नफा कळत नाही, हे तो जाणतो. लोखंडाचा घसारा आपण मांडतो. परंतु विहिरीचा मांडत नाही. जमिनीचा मांडत नाही. नदीच्या वाळूचा मांडत नाही. यंत्र विकत आणलेले असते म्हणून त्याची किंमत वहीत चढते. पाणी कोणी विकत आणले नाही म्हणून त्याच्यासाठी वहीत पानच नाही. पान नाही म्हणून ते झिजत नाही, असे मात्र होत नाही.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने, नॉर्वेच्या ब्रुंटलंडबाईंच्या अध्यक्षतेखाली, शाश्वत विकासाची व्याख्या केली. तिचा आशय असा, की आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा भागवाव्यात, की पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवणे अशक्य होऊ नये. जगभर ती व्याख्या गाजली. आपल्या मुनिमाच्या भाषेत तिचा अर्थ इतकाच आहे : व्याजावर जगा, मुद्दल मोडू नका.

आता हे तत्त्व आपल्या जिल्ह्यात लावून पाहू. तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर आणि यावल तालुक्यांत केळीच्या बागा आहेत. जळगावची केळी देशभर जाते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हा आपला वैभवाचा धंदा. पण त्याचा पाण्याचा हिशेब मांडून पाहा. केळीच्या पिकाला वर्षाकाठी अठराशे ते दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे हेक्टरी सुमारे १ कोटी ८० लाख लिटर झाले. आपल्या जिल्ह्यात पाऊस पडतो वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हेक्टरावर आकाशातून सत्तर लाख लिटर येतात. त्यांतलेही काही वाहून जातात, काही वाफ होऊन उडतात. उरलेले कोटीभर लिटर कोठून येतात? काही कालव्याचे, पण बहुतेक जमिनीच्या पोटातून.

सातपुड्याच्या पायथ्याशी निसर्गाने मोठी सोय करून ठेवली होती. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी तेथे हजारो वर्षे दगडगोटे आणि वाळू आणून टाकली. त्या जाड थरांत पावसाळ्याचे पाणी मुरते आणि खालच्या बागांना पोहोचते. ही निसर्गाची तिजोरी होय. जोपर्यंत मोट होती तोपर्यंत माणूस व्याजच खात होता, कारण मोटेला त्याहून खोल जाताच येत नव्हते. विजेचा पंप आला, विंधन विहीर आली, आणि तिजोरीची किल्ली हाती आली. पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाऊ लागले. सरकारी भूजल मूल्यांकनांत रावेर-यावलची नोंद पाण्याचा अतिउपसा झालेले तालुके म्हणून झाली. विहिरी आटल्या, म्हणून विंधन विहिरी आल्या. त्या आटल्या, म्हणून आणखी खोल विंधन विहिरी आल्या. प्रत्येक वेळी शेतकऱ्याने नवा खर्च 'भांडवल' म्हणून मांडला. वास्तविक तो भांडवली खर्च नव्हे. जुने मुद्दल खाल्ल्याचा तो दंड होय.

यावर कोणी म्हणेल, की ठिबक आले ना, मग प्रश्न सुटला. ठिबकाची कथा आपल्या जिल्ह्याची आहे, म्हणून ती नीट सांगतो. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला आरंभ केला. १९८० मध्ये ते प्लास्टिकच्या नळांच्या धंद्यात शिरले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनात. ह्या शेवटच्या पावलाकडे मी आपले लक्ष वेधतो. नळ विकणाऱ्याचा लाभ लोकांनी अधिक पाणी खेचण्यात असतो. त्याच माणसाने कमी पाण्यात अधिक पीक काढण्याचे साधन विकायला घेतले आणि तोच आपला मुख्य धंदा केला. पाण्याची बचत हाच विकण्याचा माल ठरला. पुढे ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली. ठिबक आणि ही रोपे मिळून केळीचे उत्पादन वाढले, पिकाचा काळ कमी झाला. निसर्गाची काळजी आणि नफा एका वहीत बसू शकतात, याचा एवढा जवळचा दाखला आपल्याला दुसरा मिळणार नाही.

परंतु दाखला पुरता वाचला पाहिजे, अर्धा नव्हे. २०१९ पासून याच कंपनीला कर्जफेडीच्या गंभीर अडचणी आल्या. २०२२ साली बँकांशी कर्जाची पुनर्रचना करावी लागली, आणि परदेशांतला सिंचनाचा धंदा दुसऱ्या कंपनीत विलीन करावा लागला. अनुदानावर चालणाऱ्या ठिबकाच्या धंद्यात सरकारी पैसा वेळेवर येत नाही आणि खेळते भांडवल अडकून पडते, ही या क्षेत्राची जुनी दुखणी आहेत. यावरून शिकायचे ते हे, की हेतू चांगला असला म्हणून रोकड आपोआप येत नाही. पाण्याचे मुद्दल जपणाऱ्याने पैशाचेही मुद्दल जपले पाहिजे, कारण धंदा टिकला तरच त्याचे चांगले काम टिकते.

आणि दुसरी गोष्ट. ठिबकाने एकरी पाणी वाचते हे खरे. पण वाचलेले पाणी जाते कोठे? शेतकरी आपल्या दृष्टीने योग्यच विचार करतो : दोन एकरांचे पाणी तीन एकरांना पुरते, तर तिसरा एकर का पडीक ठेवू? परिणाम असा, की साधन काटकसरीचे आणि एकूण उपसा होता तेवढाच, कधी त्याहून अधिक. ही गोष्ट नवीन नाही. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी नेमके हेच लिहिले होते, की यंत्रे कमी कोळशात चालू लागली म्हणजे कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो. म्हणून यंत्र घेणे हा निर्णयाचा अर्धाच भाग झाला. वाचलेले पाणी जमिनीतच ठेवायचे, हा दुसरा अर्धा भाग. आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता नदी ओलांडून अलीकडे येऊ, आपल्या कापसाकडे. जळगाव जिल्ह्यात कापसाचा पेरा साधारण पाच लाख हेक्टरांच्या घरात असतो. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, साठ-बासष्ट किलो सरकी, बाकी कचरा आणि घट. हे गणित येथल्या प्रत्येक जिनवाल्याला तोंडपाठ आहे. पण याच सरकीत कधी कधी एक प्रवासी लपलेला असतो, तो गणितात येत नाही. तो म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७ सालच्या हंगामात या अळीने महाराष्ट्रात हाहाकार केला तो आपण विसरलेलो नाही. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि अळीचा प्रश्न कायमचा मिटला असे सर्वांनी धरले. पेरताना कडेला साध्या कापसाच्या ओळी लावाव्यात, म्हणजे अळीला बीटी पचवण्याची सवय लागणार नाही, असे शास्त्रज्ञ सांगत होते. बियाण्याच्या पिशवीबरोबर त्यासाठी वेगळी पुडीही येत असे. ती बांधावर पडून राहिली. चार ओळींचे उत्पन्न कोण सोडणार?

या अळीचे मर्म असे, की तिचे मुख्य अन्न कापूस हेच होय. शेतात चार-पाच महिने कापूस नसला, की तिची साखळी तुटते. आपण ती तुटू देत नाही. एक तर डिसेंबरनंतर फरदड ठेवतो, आणखी एक वेचणी मिळावी म्हणून. दुसरे, मे महिन्यात पूर्वहंगामी लागवड करतो. ती रोखण्यासाठीच अलीकडे सरकारने १ जूनपूर्वी शेतकऱ्याला बियाणे विकण्यावर बंदी घातली होती. आणि तिसरे, जिनिंगच्या आवारात व घराघरांत न पिंजलेला कापूस उन्हाळ्यापर्यंत साठून राहतो. त्यातली अळी सरकीत झोपून राहते, ऊन-पावसाची चाहूल लागताच पतंग होऊन बाहेर पडते आणि जवळच्या शेतातील नव्या पिकावर जाते. म्हणून जिनच्या आवारात कामगंध सापळे लावावेत, कचरा आणि किडकी सरकी वेळेवर नष्ट करावी, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात.

माल केव्हा घ्यावा, केव्हा विकावा, किती दिवस धरून ठेवावा, हे शुद्ध व्यापारी निर्णय आहेत. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पलीकडे गेला. पुढल्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल या आशेने खानदेशात घरोघर कापूस भरून ठेवला गेला. भाव चढला नाही, उतरलाच. तोटा झाला तो भावातला, असे वहीने दाखवले. परंतु उन्हाळाभर साठलेल्या त्या कापसातून शेजारच्या शिवारात काय उडून जाऊ शकते, ते वहीने दाखवले नाही. गंमत अशी, की हा दुसरा तोटा फिरून जिनवाल्याच्याच दारी येतो. अळीने पोखरलेल्या बोंडाचा कापूस पिवळा आणि कवडीयुक्त येतो, रुईचा उतारा घसरतो, गाठीचा भाव उतरतो. निसर्गाच्या खात्यावर टाकलेला खर्च बुडीत जात नाही. तो व्याजासह परत येतो, फक्त मधे एक वर्ष जाते. त्या एका वर्षामुळे आपल्याला त्याचा पत्ता ओळखू येत नाही.

गिरणेच्या वाळूविषयी दोनच वाक्ये बोलतो. वाळूच्या ट्रॅक्टरची किंमत डिझेल, मजुरी आणि आणखी जे काही द्यावे लागते ते मिळून ठरते. पण नदीतली वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारा स्पंज आहे, आणि तो खरवडून नेला म्हणजे काठच्या गावांच्या विहिरींचे पाणी उतरते. ती किंमत घर बांधणारा देत नाही, वाळू विकणारा देत नाही. हंडा घेऊन उभी असलेली बाई देते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. श्रोत्यांपैकी कोणीही समंजस माणूस म्हणेल, 'हे सर्व मान्य. पण मी एकट्याने पंप बंद ठेवला तर शेजारी उपसणारच. मी माल लवकर काढला तर दुसरा धरून ठेवणारच. मी तेवढा मूर्ख ठरायचा काय?' हा आक्षेप पोकळ नाही. सामाईक मुद्दल जपण्याचा खर्च एकट्यावर आणि लाभ सर्वांना, असा व्यवहार कोणालाच परवडत नाही. कायदे आहेत : १९७४ चा जलप्रदूषणाचा, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली आलेला पर्यावरण संरक्षणाचा, २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा. मोठ्या नोंदलेल्या कंपन्यांना आता पाणी, वीज, कचरा यांचा वार्षिक अहवालही द्यावा लागतो. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक विहिरीवर उभा राहू शकत नाही.

या आक्षेपाला उत्तर खानदेशानेच शेकडो वर्षांपूर्वी दिले आहे. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीविषयी आपण ऐकले असेल. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात बारमाही ऊस, कोणत्यात हंगामी पीक, हे पाण्याकडे पाहून दरवर्षी फिरवून ठरवायचे. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, यांचा मोबदला सर्वांनी मिळून द्यायचा. बंधाऱ्याची आणि पाटाची सफाई सर्वांनी मिळून करायची. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फडांचे पाणी बंद. आणि बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे तुटीचा वाटाही सर्वांना सारखा. येथे कोणाच्या सद्गुणावर भरवसा ठेवलेला नाही, हे ध्यानात घ्या. रचनाच अशी केली होती, की मुद्दल जपण्यातच प्रत्येकाचा स्वार्थ राहावा. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी झाल्या, एकेकट्याला पाणी मिळू लागले आणि बरेच फड मोडले. पंप सर्वांना मिळाला, पण पाटकरी कोणीच ठेवला नाही.

आज आपल्याला फड जसाच्या तसा परत आणता येणार नाही, आणि मी तसे सुचवीतही नाही. पण त्यातले तत्त्व उचलता येईल. गावातल्या सर्व जिनवाल्यांनी मिळून ठरवले, की अमुक तारखेनंतर आवारात न पिंजलेला कापूस राहणार नाही, तर कोणी एकटा मूर्ख ठरत नाही. ठिबकासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेने पाइपांच्या बिलाबरोबर विहिरीच्या पातळीची नोंदही मागितली, तर वाचलेले पाणी वहीत दिसू लागेल. दिसू लागले, की मग त्याविषयी बोलता येते. बोलता आले, की ठरवता येते. बाजार समिती, सहकारी सोसायटी, व्यापाऱ्यांचे मंडळ, या संस्था आपल्याकडे आहेत. त्यांना हे काम नवे वाटेल, परके वाटण्याचे कारण नाही.

आणि प्रत्येक धंदेवाल्याने, मग तो शेतकरी असो, जिनवाला असो, की किराणा दुकानदार, कोणताही मोठा निर्णय घेताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला : या निर्णयात मी कोणते मुद्दल वापरतो आहे, जे माझ्या वहीत नाही? दुसरा : ते किती दिवसांत भरून येते? विहिरीतले पाणी एका चांगल्या पावसाळ्यात थोडेफार भरते. खोल खडकातले भरायला पिढ्या लागतात. वाहून गेलेली माती आपल्या हयातीत भरत नाही. आणि तिसरा : ते घटले तर बिल कोणाकडे जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'दुसऱ्याकडे' असे आले, तर जो नफा दिसतो आहे तो नफा नव्हे. ती उधारी आहे, आणि ज्याच्या नावावर ती मांडली त्याची सही आपण घेतलेली नाही.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहे, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या घरी उद्याची चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला दहा वर्षांनंतरच्या पाण्याचा हिशेब सांगणे क्रूरपणाचे ठरेल. फरदड ठेवणारा शेतकरी हौसेने ठेवीत नाही. सावकाराचा हप्ता फेडण्यासाठी ठेवतो. म्हणून हा हिशेब आरंभी त्यांनी मांडावा, ज्यांना एक वर्ष थांबणे परवडते : जिनमालकांनी, पेढीवाल्यांनी, बागायतदारांनी, बँकांनी. ज्याच्या हाती वही त्याच्याकडे जबाबदारी. या सभेत असे बरेच जण बसले आहेत, म्हणून हे येथे बोललो.

आखाजी आली, की आपल्याकडे सालदाराचा हिशेब होतो. सालभर राबलेल्या माणसाचे देणे त्या दिवशी चुकते करावे, ही खानदेशाची जुनी रीत आहे. आपल्या धंद्यात आणखी एक सालदार पिढ्यान्‌पिढ्या राबतो आहे. त्याने कधी उचल मागितली नाही, रजा मागितली नाही, आणि त्याचे नावही आपल्या वहीत नाही. येत्या आखाजीला वही उघडाल, तेव्हा एक पान त्याच्या नावाने घाला आणि पहिली नोंद आपल्या विहिरीच्या पातळीची करा, एवढी विनंती आहे.